पाठमोरी माणसे

१८ ऑगस्ट १९५७, रविवार

चित्रे परत आली. सगळी!

होडीवाल्या म्हसूने पुडके आणले. भिजू नये म्हणून स्वतःच्या घोंगडीत गुंडाळले होते. स्वतः मात्र नखशिखांत भिजला. त्याला गूळ आणि चहा दिला. तो गेल्यावर पुडके सोडले.

नेर्लेकरांचे पत्र अत्यंत सभ्य आहे. त्यांच्या बालगोष्टींच्या पुस्तकांना मी आजवर चित्रे देत आलो. त्या संबंधाची बूज राखूनच त्यांनी लिहिले आहे. ‘झाडे अप्रतिम. पाणी अप्रतिम. शेळ्यांना तर हात लावून पाहावेसे वाटते. परंतु राजा पाठमोरा, चोर पाठमोरा, राक्षसाने तोंड झाडामागे दडविलेले, म्हातारीने पदर हनुवटीपर्यंत ओढलेला. मुले चित्रात आधी तोंड शोधतात. दिवाळीपर्यंत तोंडे देता येतील काय? अन्यथा हे पुस्तक दुसऱ्या चित्रकाराकडे सोपवावे लागेल. गैरसमज नसावा.’

गैरसमज नाही. त्यांचे म्हणणे सर्वथा रास्त आहे. मला चेहरा काढता येईनासा झाला आहे.

१९ ऑगस्ट

कारण एकदा स्पष्ट लिहावे, म्हणजे त्याभोवती घिरट्या घालणे थांबेल.

लग्नानंतरच्या अठरा वर्षांत मी जे जे चेहरे काढले, ते सर्व द्वारकेचे होते. मी कागद ताणून बसलो की ती स्वयंपाकघरातून पळी हातात घेऊनच यायची. समोर पाट मांडायची. ‘आज कोण हवे?’

‘राक्षस.’

‘उपाशी की जेवलेला?’

असे विचारून ती राक्षस व्हायची! नाकपुड्या फुगायच्या, डोळे वटारले जायचे. तिकडे आमटी उतू जात असायची. राजाचा संताप, सशाची भीती, कोल्ह्याचा लबाडपणा, यमदूताचा कंटाळा — सगळे तिचे. पुण्यासाताऱ्याकडच्या हजारो मुलांनी तिला पाहिले आहे आणि एकालाही ती ठाऊक नाही.

मागच्या वर्षी विषमज्वराने ती गेली. मुलेबाळे नाहीत. पुण्याच्या घरात तो पाट दिसणार नाही असा कोनाच सापडेना. कॉलेजातल्या एका स्नेह्याने मुळशीच्या धरणातल्या या बेटावरची खोली मिळवून दिली. धरण बांधताना ओव्हरसियरसाठी उभारलेली. चैत्रात येथे आलो. बेट म्हणजे बुडालेल्या डोंगराचा वर उरलेला माथा. माझी खोली, आणि वरच्या अंगाला धनगरांचे एक घर. बाकी पाणी.

पाट सोबत आणला आहे. भिंतीला टेकवून ठेवला आहे.

२४ ऑगस्ट

धुके. पाणी, आकाश आणि कागद — तिन्ही कोरे.

१ सप्टेंबर, रविवार

आज उघडीप. सकाळपासून कड्याशी बसून रेखाटने केली.

वरच्या घरातल्या धुळाची एक करडी शेळी करवंदीच्या जाळीवर पुढचे पाय टेकून उभी राहते आणि शेंड्याचे कोवळे पान तोडताना मान अशी वळविते, की कानापासून शेपटीपर्यंत एकच रेषा होते. आज ती रेषा मला एका दमात साधली. निब कागदावरून एकदाही उचलली नाही! खाली पाण्यात खंड्याने सूर मारला. त्याचे पाण्यात शिरणे दिसले नाही, फक्त वर आलेले निळे आणि चोचीतले चांदीसारखे काहीतरी. घरावर वाळत घातलेल्या घोंगड्या वाऱ्याने फुगल्या होत्या. दुरून कोणी सात-आठ माणसे ओणवी होऊन काही शोधीत आहेत असे वाटले. तेही काढले.

हे बेट मला रोज इतके देते, की हात अपुरा पडतो. उणे असेल ते माझ्यात आहे.

८ सप्टेंबर, रविवार

वरच्या घरातून धुळा आणि त्याची बायको बानूबाई आली. धुळा उंबऱ्याबाहेरच उभा. बोलली ती बानूबाई.

‘मास्तर, तुमी चित्रं काढता न्हवं? आमच्या मामंजींचा टाक घडवायचा हाय.’

धुळाचे वडील गेणबा गेल्या शिमग्याच्या सुमारास वारले, मी येण्याच्या थोडे आधी. यांच्यात घरातला कर्ता माणूस गेला की चांदीच्या पत्र्यावर त्याची आकृती उठवून देव्हाऱ्यात बसवितात. तो टाक. दसऱ्याला बसवायचा आहे. परंतु पौडच्या सोनाराचा ठसा झिजून त्यावर घोडा आहे की बोकड हेच कळेनासे झाले आहे. सोनार म्हणाला, चित्र आणा, त्यावरून नवा ठसा कोरतो.

मी म्हटले, ‘क्षमा करा. मी हल्ली चेहरे काढीत नाही.’

‘मग काय काढता? पाठी?’

धुळाने तिला डोळ्यांनी दटावले. मला राग यावयास हवा होता. आला नाही. नेर्लेकरांना जे सांगण्यास दोन पाने लागली, ते हिने दोन शब्दांत सांगितले!

‘प्रयत्न करतो,’ असे म्हणून बसलो. का म्हटले, कोण जाणे.

१२ सप्टेंबर

गेणबांना मी पाहिलेले नाही. छायाचित्राचा प्रश्नच नाही. म्हणून त्या सर्वांना विचारले. चूक झाली.

‘कपाळ रुंद होते काय?’

धुळा — ‘व्हय.’ बानूबाई — ‘न्हाई, मुंडासं वर बांधायचे म्हनून दिसायचं.’ म्हसू (हा धुळाचा चुलतभाऊ) — ‘नाक लई मोठं. नाव वल्हवताना आदी नाक काठाला लागायचं.’ यावर धुळाची आई, बायजाबाई, त्याला चुलीतले लाकूड घेऊन मारावयास उठली. तीही हसतच होती.

शेवटी मी धुळालाच समोर बसण्यास सांगितले. मुलगा बापावर गेला असेल, एवढ्या आधारावर.

कशावर बसवावे? खोलीत पाहिले. पाटाला हात लावला आणि मागे घेतला. अखेर धुळा बाहेर ओट्यावर, उन्हात, दगडावर बसला.

१५ सप्टेंबर, रविवार

चेहरा काढला!!

दहा महिन्यांनी. पहिले दोन दिवस निब भुवयांपाशी आली की थांबे आणि द्वारका राजासारख्या भुवया चढवून मध्ये येऊन उभी राही. आज आली नाही. किंवा आली असेल, मी पाहिले नाही. समोर धुळा होता. एक डोळा उन्हाने बारीक झालेला, गालावर देवीचे व्रण, कोणी आपल्याकडे इतका वेळ पाहत आहे याचा संकोच. मी त्यात तीस वर्षे घातली. दात कमी केले. खांद्यावर घोंगडी, हाती काठी, पाठीला किंचित बाक. एका माणसाचे आख्खे तोंड, माझ्याकडे पाहणारे!

जेवण दोन वेळ केले. आंघोळ मात्र राहिली — हे प्रथमच.

१६ सप्टेंबर

चित्र घेऊन वर गेलो. बायजाबाईंनी ते हातभर लांब धरले, मग जवळ घेतले, मग पुन्हा लांब.

‘ह्यो तर धुळा. म्हातारा केल्याला धुळा.’

मी चित्र परत घेण्यास हात पुढे केला.

‘ऱ्हाऊ दे. बरा हाय. पन घोडा कुटं?’

‘घोडा?’

‘टाक म्हंजी घोड्यावर नगं? पितर काय चालत येत्यात व्हय?’

मी म्हटले, ‘बायजाबाई, कैलासवासी गेणबा घोड्यावर बसत असत काय?’ ‘कैलासवासी गेणबा’ ऐकून बानूबाई तोंडात पदर कोंबून आत पळाली.

‘त्यो? घोड्याला भ्यायचा! पौडच्या बाजारात एकदा घोडं नुसतं शिंकलं, तर हातातली शेळी सोडून पळाला. इकायला नेल्याली शेळी!’

‘मग त्यांस घोड्यावर दाखविणे असत्य ठरेल.’

म्हातारीने माझ्याकडे असे पाहिले, की जणू मी तिच्या नवऱ्याच्या तोंडचा घास काढून घेत आहे.

‘जलमभर शेळ्यांमागं अनवाणी चालला. मरून बी घोडं नगं म्हंता? आता न्हाई बसायचा तर कवा बसायचा त्यानं?’

मी घोडा कबूल केला. ‘आणि चेहरा?’ असे विचारले. निदान तो तरी राहावा.

‘तोंडाला दोन टिंबं फुरं. देव काय मिशा मोजनार हाय?’

इतक्या महिन्यांनंतरचा माझा पहिला चेहरा, आणि गिऱ्हाईकाला टिंबे पुरतात! परत येताना पायवाटेवर मोठ्याने हसलो. शेळ्या बिचकल्या.

२० सप्टेंबर

घोडा पूर्ण केला. बेटावर घोडा नाही. शेळीचे पाय आणि आठवणीतल्या टांग्याच्या घोड्याची मान यांवर भागविले. आयाळ मात्र वाऱ्यावर उडणारी — येथल्या वाऱ्याने ती आपोआप काढून दिली. वर स्वार, हातात तलवार, तोंडाला दोन टिंबे. म्हसू चित्र घेऊन सोनाराकडे गेला.

मनात एक विचार सतत चालू आहे. धुळा समोर बसला आणि चेहरा आला. मग राजा का येऊ नये? चोर का येऊ नये?

२३ सप्टेंबर

वर जाऊन विनंती केली. शक्य तितक्या व्यवस्थित शब्दांत. ‘माझ्या पुस्तकातील पात्रांसाठी आपण सर्वांनी थोडा वेळ माझ्यासमोर बसावे, आणि त्या त्या पात्राचा भाव तोंडावर आणावा.’

धुळाने विचारले, ‘म्हंजी सोंगं काढायची?’

‘होय. सोंगे काढायची.’

‘मग आसं म्हना की!’

२९ सप्टेंबर, रविवार

अशी सकाळ मी आयुष्यात पाहिली नाही!

धुळाला चोर होण्यास सांगितले. तो लाजला. बानूबाई म्हणाली, ‘ह्याला चोर जमायचा न्हाई. ह्यो खोटं बोलला तर शेळी बी वळखती. सरा!’ आणि तिने पदर कमरेला खोचला, खांदे आत घेतले, आणि एक नजर डावीकडे, एक उजवीकडे — मी तत्काळ खिशातले घड्याळ चाचपले. तिचा चोर मी तीन वेळा काढला. तीनही उत्तम.

म्हसूने राक्षस मागून घेतला. वल्हे गदेसारखे खांद्यावर. त्याचे पुढचे दात मोठे आहेत. त्याने ते सगळे दाखविले. ‘बिगी बिगी काढा मास्तर, गाल दुकाया लागलं!’ मी म्हटले, राक्षसाने तक्रार करू नये. ‘राक्षसाला बी गाल असत्यात,’ म्हणाला. त्यामुळे हा राक्षस किंचित दुःखी झाला आहे. पूर्वीच्या माझ्या कोणत्याही राक्षसापेक्षा तो सरस आहे! द्वारकेच्या राक्षसांपेक्षाही. हे लिहिताना हात थांबला नाही, याची येथे नोंद करतो.

राजासाठी बायजाबाई. कशावर बसणार असे विचारण्याआधीच त्या उंबऱ्यात बसल्या.

‘राजा कुनावर चिडलाय?’

‘प्रधानावर.’

‘काय केलं त्यानं?’

मी सर्व गोष्ट सांगितली. प्रधानाने दुष्काळात प्रजेच्या धान्यात खडे मिसळले, आणि राजापाशी खोटे बोलला. म्हातारी ऐकत राहिली. मी म्हटले, ‘तेव्हा डोळे वटारून, दात ओठ खाऊन—’

‘ते कशाला? आसं केल्याव वरडायचं नसतंय. नुसतं बघायचं.’

आणि पाहिले.

म्हसूने खांद्यावरचे वल्हे हळूच खाली ठेवले. मला स्वतःला वाटले, मी कोठे खडे मिसळले की काय. मी राजाला डोळे आणि एक शांत बंद तोंड दिले. दाढी मात्र माझी.

३ ऑक्टोबर, दसरा

टाक आला. चांदीचा, तळहाताहून लहान. सोनाराने माझी आयाळ उत्तम उठविली आहे. त्या उडत्या आयाळीत हे सगळे बेट आहे असे मला वाटले. 

जुने देव चिंचेने उजळले होते. त्यांच्या शेजारी गेणबांना बसविले. भंडारा उधळला; माझ्या स्वच्छ सदऱ्यावरही. बायजाबाई वाकून टाकाकडे पाहत बसल्या. मग मला म्हणाल्या, ‘पडंल का रं त्यो?’

‘नाही. मी खोगीर घट्ट दाखविले आहे.’

‘लगाम?’

‘एका हातात लगाम. दुसऱ्या हातात तलवार.’

तेव्हा त्या टाकाकडेच वळल्या. ‘तलवार ऱ्हाऊ दे. दोनी हातानं लगाम धर. ऐकलं का?’

कोणी हसले नाही. मीही नाही.

४ ऑक्टोबर

द्वारकेला घोड्यावर बसवावे असे वाटले. तिलाही काही मिळावे. घोडा झाला. चेहऱ्याशी आलो, तर राजा आला. खोडला. कोल्हा आला. मग राक्षस, जेवलेला. तिचा स्वतःचा चेहरा आलाच नाही. अठरा वर्षे ती माझ्यासमोर कोणीतरी दुसरे होऊन बसली, आणि मी त्या दुसऱ्यालाच पाहिले.

कागद बाजूला ठेवला. बायजाबाईंची दुसरी बैठक आहे.

८ ऑक्टोबर

वर्तमानपत्र उशिरा आले. रशियाने पृथ्वीभोवती फिरणारा एक कृत्रिम चंद्र सोडला आहे! धुळाला वाचून दाखविले. त्याने विचारले, ‘त्यो कुनी चारायला न्यायचा?’

२० ऑक्टोबर, रविवार

सर्व चित्रे रवाना! राजा, प्रधान (धुळा अखेर प्रधान झाला, खोटे बोलताना पकडला जाणारा, म्हणून त्यास जमले), चोर, राक्षस, म्हातारी — पदर डोक्यावर, तोंड उघडे. एकही माणूस पाठमोरा नाही. म्हसूने पुडके होडीत ठेवले आणि आरोळी दिली, ‘राक्षस पुन्याला चाललाऽ!’

काठावर उभा राहून मी हात हलविला. मला हात हलविण्याची सवय नाही.

३१ ऑक्टोबर

नेर्लेकरांचे उत्तर! शब्दशः उतरवितो, कारण हे मला म्हातारपणी वाचावयाचे आहे.

‘आपली चित्रे घरी नेली होती. आमच्या नातवाने राजाकडे एकदा पाहिले आणि दौत आपणच फोडली असे न विचारता कबूल केले. आजवर मोलकरणीवर आळ होता. आपण यापूर्वी असे काम केलेले नाही. खरे सांगतो, कोणीच केलेले नाही. ही माणसे कोठली? छपाईचे ब्लॉक करण्यास दिले आहेत. मुखपृष्ठही आपणच करावे, रंगीत, सर्व पात्रे एकत्र. नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत मिळावे.’

सर्वांना वर जाऊन वाचून दाखविले. बानूबाई — ‘आन् चोराचं काय म्हनला?’ चोराविषयी वेगळे लिहिलेले नाही, असे सांगावे लागले. ती नाराज. मी तिला सांगितले, की चोराची चित्रे परत मागितली तरी मिळणार नाहीत, इतकी ती तेथे सर्वांना आवडतील. हे मी माझ्या पदरचे सांगितले. परंतु खोटे नाही.

बायजाबाई म्हणाल्या, ‘त्या पोराला म्हनावं, कबूल झाला ते ब्येस झालं. आता राजाला एक बोकड पाटव.’

५ नोव्हेंबर

मुखपृष्ठाचा कच्चा आराखडा. सगळी पात्रे एका होडीत, पाणी ओलांडून वाचणाऱ्याकडे येत आहेत. म्हसूने पाहिले.

‘एवडी मानसं? बुडंल.’

‘म्हसू, हे चित्र आहे.’

‘चित्र असलं तर काय झालं? राक्षस एका अंगाला बसलाय. बुडंल म्हंजी बुडंल.’

राक्षसाला मध्यभागी आणले. चित्र तत्क्षणी सावरले! म्हसूला हे सांगितले नाही. त्याला ते ठाऊकच होते.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

पूर्ण!

उजाडताच बसलो. पाण्याला तो रंग दिला, जो येथे सकाळी सूर्य डोंगरावर येण्याआधी क्षणभर असतो. तीन वेळा धुवून चौथ्यांदा जमला. बायजाबाईंचा मुकुट पिवळाजर्द, भंडाऱ्याचा. बानूबाईच्या चोराला मुद्दाम पुढे बसविले, सर्वांत पुढे. सगळे थेट समोर पाहत आहेत. शेवटचा रंग भरताना मी गात होतो — धुळा शेळ्या घेऊन खालून जाताना ओरडला, ‘मास्तर, काय झालंया आज?’

काही नाही! जमले, एवढेच! मला जमले!

१३ नोव्हेंबर

होडीचा दिवस ठरवावा म्हणून पंचांग उघडले.

काल कार्तिक वद्य पंचमी होती. द्वारकेचे वर्षश्राद्ध. वर्षभरात एकही मासिक श्राद्ध मी चुकविले नव्हते. काल पान वाढले नाही, नावही घेतले नाही. काल मी गात होतो.

मुखपृष्ठ पुन्हा उजेडात धरले. एकेक चेहरा पाहिला. तिचा एकही नाही. बराच वेळ पाहिले.

शोधूनही चित्रात दोष सापडला नाही.